चौदा महिन्यांचा बंड्या

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की माझा तळहात खाजतो. तळहात खाजला की पैसे येतात म्हणतात. माझ्या तळहाताला फोड येतात. आम्ही राहतो त्या ट्रॉय शहराहून उत्तरेला तासभर ड्राइव्ह केलं की घरांच्या रांगा संपतात आणि दोन्ही बाजूंना शेतं सुरू होतात. सप्टेंबरात तिथला हिरवा रंग आठवड्याआठवड्याला उतरत जातो. दर शनिवारी सकाळी मी तो उतरलेला बघते आणि गाडीचा वेग वाढवते. घाई होते. कसली घाई, विचारू नका, मलाच कळत नाही. मागच्या वर्षीही अशीच होती, आणि त्या घाईत मी एक गोष्ट केली, ती अजून मला स्वस्थ बसू देत नाही. तसं स्वस्थ बसणं माझ्या पत्रिकेतच नाही म्हणा.

शनिवारी मी खड्डे खणायला जाते. हे महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणात, पहिल्यांदा बोलले तेव्हा मीनाकाकूंच्या हातातला डाव पुलावात तसाच राहिला. "अगं बाई! एवढं शिकलीस, गाड्यांचे ब्रेक टेस्ट करतेस, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या शेतात खड्डे?" मी म्हटलं, "हो काकू, आणि परत बुजवते पण." त्यांनी शिरीषकडे, म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, अशा नजरेनं पाहिलं की बिचाऱ्यानं घाईघाईनं आणखी कोशिंबीर वाढून घेतली.

खड्डे ग्राउंडहॉगसाठी असतात. घुशीचा थोरला भाऊ म्हणा, मांजराहून जड, खाऊन खाऊन गोल झालेला. कुरणात, कुंपणाखाली, गोठ्याच्या पायाशी बिळं करतो. आम्ही जातो त्या घोड्यांच्या फार्मवर एका घोडीचा पाय असल्याच बिळात जाऊन मोडला होता आणि तिला वाचवता आलं नव्हतं. ती मालकीणबाई हे सांगते तेव्हा अजून दुसरीकडे बघते. म्हणून टेरिअरवाल्यांना तिथे मुभा आहे. टेरिअर म्हणजे हातभर उंचीचा कुत्रा. तो बिळात शिरतो, ग्राउंडहॉगला कोपऱ्यात गाठतो आणि त्याच्यासमोर उभा राहून भुंकत राहतो. वर आपण जमिनीला कान लावायचा, जागा धरायची आणि खणायचं. शेवटचं काम मला हे सगळं शिकवणाऱ्या हॅरल्डच्या छोट्या बंदुकीचं, क्षणात होतं. पहिल्या दिवशी मी पाठ फिरवून उभी होते. माझ्या माहेरी अंडंसुद्धा गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर उकडायचे. आता पाठ फिरवत नाही, पण सवय झाली असंही म्हणणार नाही.

यात पडायचं काही कारण नव्हतं. मुलगी सई कॉलेजला गेली, घर ओकंबोकं झालं, आणि मी म्हटलं कुत्रा आणू या. शिरीषला आमच्या ओळखीच्या अर्ध्या घरांत आहे तसला कुरळ्या केसांचा, सोफ्यावर पडून राहणारा हवा होता. मी म्हटलं, नको, एवढं धूड कोण सांभाळणार? छोटा आणू, छोट्याचा त्रास कमी. हे वाक्य हॅरल्डला पुढे सांगितलं तर तो फावड्याला टेकून इतका हसला की त्याला ठसका लागला. ओहायोतल्या एका शेतकऱ्याकडून आम्ही ते पांढरं, खरखरीत केसांचं, एका कानावर तपकिरी डाग असलेलं पिल्लू आणलं. नाव ठेवलं बंड्या. सहा महिन्यांत त्यानं मागचं अंगण नांगरून ठेवलं, शेजारणीचे ट्यूलिपचे कंद काढून आमच्या पायरीवर मांडले, आणि माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये खारीवर भाषण केलं. व्हेट, म्हणजे प्राण्यांची डॉक्टर, म्हणाली, "त्याच्यात दोष नाही हो. त्याला काम नाही." मला ते ऐकून इतकं बरं वाटलं. मलाही लहानपणी सगळे अशीच नावं ठेवायचे, फक्त हिला काम नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

मग शोधत शोधत हॅरल्ड सापडला. सत्तरी ओलांडलेला, टूल अँड डाय शॉपमधून, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यातून, रिटायर झालेला, उंच, वाकलेला माणूस. दोन टेरिअर, एक जुना ट्रक. बोलणं असं की शब्दाला टॅक्स पडतो. ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी फार्मच्या फाटकाशी त्यानं बंड्याला उचललं, पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती आपल्या दोन्ही हातांचे पंजे घातले. अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटं टेकली. "बरं माप आहे," तो म्हणाला. "बिळात मावेल. वय काय?"

बंड्या तेव्हा नऊ महिन्यांचासुद्धा नव्हता. डिसेंबरातला जन्म. आणि मी इंटरनेटवर वाचून गेले होते की वर्षाच्या आतला कुत्रा जमिनीखाली सोडत नाहीत, जाणते लोक तर आणखी थांबतात. थांबायचं म्हणजे हा सीझन गेला. ऑक्टोबर सरता सरता ग्राउंडहॉग जे झोपतात ते वसंतातच उठतात. म्हणजे अख्खा हिवाळा पुन्हा ते अंगण, त्या मीटिंगा, तो तळमळणारा जीव. माझ्या तोंडून निघून गेलं, "चौदा महिने."

"लहान दिसतो."

"आमच्या घरात सगळे लहानच दिसतात," मी म्हटलं, आणि हसलेसुद्धा.

सराईतासारखी थाप मारली. का नाही मारणार? माझी स्वतःची जन्मतारीख एक जून आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची आहे. खरी नोव्हेंबरातली, दिवाळीनंतरची. चाळीसगावला शाळेत नाव घालताना हेडमास्तर म्हणाले, वय भरत नाही, पुढच्या वर्षी आणा. माझे वडील, अप्पा, म्हणाले, "पोरगी हुशार आहे. वर्ष कशाला वाया घालवायचं? लिहा एक जून, त्याच सालातली." मास्तरांनी लिहिलं. तीच तारीख मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर, पासपोर्टवर, ग्रीन कार्डावर. ऑफिसात दर एक जूनला केक येतो आणि मी मेणबत्ती फुंकते. आमच्याकडे याला कुणी खोटं म्हणत नाही, सोय म्हणतात.

मेणबत्ती फुंकताना एक मात्र आठवतं. पहिलीचा वर्ग. बाकावर बसलं की माझे पाय लोंबायचे. शेजारच्या मुलींना पाटीवर रेघ ओढता यायची, माझ्या बोटांत पेन्सिल नीट मावत नव्हती. रोज फाटकाशी मी मागे वळायचे आणि अप्पा पाठीला तळवा लावून आत ढकलायचे. "जा, जा. काही होत नाही." प्रेमानंच ढकलायचे, यात शंका नाही. मी पुढे पहिली आले, इंजिनीअर झाले, इथवर आले. म्हणजे काही झालं नाही असंच धरून चालायचं.

तो सप्टेंबर मात्र काय सुरेख गेला! हॅरल्डचा नियम असा की नवीन माणसानं पहिला सीझन फक्त फावडं उचलायचं. त्या नवीन माणसाचा कुत्रा खुंट्याला बांधलेला बघत बसणार, आणि नवखा माणूस दुसऱ्याच्या कुत्र्यासाठी खणणार. हॅरल्डची म्हातारी कुत्री बिळात गेली की तिच्या गळ्यातल्या रेडिओच्या पट्ट्याची टकटक वर हातातल्या रिसीव्हरच्या डबीत ऐकू यायची. टकटक जिथे मोठी, तिथे खाली कुत्री. मी त्या डबीसकट गवतावर पालथी पडायचे. गवताखालून येणारं भुंकणं कानानं कमी आणि छातीनं जास्त ऐकू येतं. मग पहार. पहारीनं चाचपून माती कुठे पोकळ आहे ते बघायचं, मग कुदळ, मग फावडं. इथली माती चिकण, मध्येच नारळाएवढे दगड. बिळाच्या तोंडाशी कुणी बोलायचं नाही. हाक मारायची नाही, शाबासकी द्यायची नाही. खाली कुत्र्याचं लक्ष विचलित झालं की चावा त्याला बसतो. मला दीड तास गप्प बसवणारी आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट, हे शिरीषनं नंतर चारचौघांत तीनदा सांगितलं.

आणि शेवटी बुजवणं. काढलेली माती सगळी परत, थराथरानं, पायानं दाबून, वर गवताचा थर पालथा न घालता जसाच्या तसा. हॅरल्ड स्वतः त्यावर टाच आपटून बघायचा. घोड्याचा पाय खचता कामा नये. मी घामाघूम होऊन बुजवत असताना बंड्या खुंट्याशी थरथरत उभा असायचा, दोरी ताणून, घशातून बारीक आवाज काढत. मला वाटायचं, बघा, किती तयार आहे. दर शनिवारी वाटायचं, आणखी एक शनिवार वाया गेला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी गवतावर पहिलं दव गोठलेलं होतं. मी हॅरल्डच्या मागे भुणभुण लावली. "आता दोन आठवडे राहिले. एकदा जाऊ दे की. बघ ना कसा मागतोय." हॅरल्डनं बंड्याकडे बघितलं. "मागणं वेगळं, तयार असणं वेगळं," तो म्हणाला. "पण चौदा म्हणालीस. आता पंधरा झाले. तुझा कुत्रा आहे, तू सांग."

मी सांगितलं.

पट्टा बांधला, दोरी सोडली, बंड्या बाणासारखा आत. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. टकटक सुरू झाली, भुंकणं सुरू झालं, पातळ, पोरकट आवाजातलं. मग एकदम किंकाळी. मग काही नाही. मग बिळाच्या तोंडाशी माती हलली आणि बंड्या मागे मागे सरकत बाहेर आला. वरचा ओठ फाटला होता, नाकातून रक्त येत होतं. शेपूट पोटाखाली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या पायाशी येऊन चिकटला.

इथे थांबायला हवं होतं. तिथे हॅरल्ड होता, फार्मची मालकीणबाई कुंपणावर हात ठेवून उभी होती, आणि मला लाज वाटली. आपला कुत्रा चार लोकांत मागे आला याची लाज. मी त्याच्या पाठीला तळवा लावला आणि त्याला परत बिळाकडे ढकललं. मराठीत म्हणाले, "जा, जा. काही होत नाही."

आणि तो गेला. हे मला सहन होत नाही. तो गेला.

दुसरी किंकाळी आली तेव्हा हॅरल्ड आधीच गुडघ्यावर होता. खांद्यापर्यंत हात आत घालून त्यानं बंड्याला शेपटीच्या मुळाशी धरून ओढून काढलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाहेर आलेल्या कुत्र्याला परत घालायचं नसतं. कधीच नाही." एवढंच. आवाज चढवला नाही.

त्याच्याच ट्रकमधून व्हेटकडे निघालो. बंड्या माझ्या जॅकेटमध्ये, तोंडावर माझी ओढणी दाबलेली. दारातच तिथल्या मुलीनं रेबीजच्या लसीचा कागद मागितला. कागद असणारच, आपली माणसं दाखल्यांच्या फाइलशिवाय घराबाहेर पडतात का? माझे हात गुंतलेले, म्हणून हॅरल्डनं माझ्या पिशवीतून फाइल काढली, कागद शोधला आणि काउंटरवर ठेवण्याआधी वाचला. त्यावर जन्मतारीख छापलेली होती. तो बोटांवर महिने मोजत होता, मी बघत होते. त्या बोटांना अजून माती होती.

"दहा," तो म्हणाला.

मी बंड्याच्या तोंडावरची ओढणी आणखी घट्ट दाबली. काय बोलणार? आमच्याकडे ही सोय असते, असं?

ओठाला आठ टाके पडले. बाहेर बाकावर बसलो असताना हॅरल्ड म्हणाला, "टेरिअर नाही म्हणत नाही. तू दहादा घातलास तर दहादा जाईल. म्हणून महिने आपण मोजायचे असतात." आणि थोड्या वेळानं, "मला विचारलं असतंस तर तुला पुढच्या वर्षीपर्यंत खणू दिलं असतं. मला खणायला माणूस हवाच होता." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सईला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाली, "आई, हू लाइज अबाउट अ डॉग्ज बर्थडे?" मला हसू आलं आणि हसता हसता मी स्वयंपाकघरातल्या जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. शिरीष आला, त्यानं गॅस बंद केला आणि माझ्याशेजारी बसला.

तो हिवाळा फार शांत गेला. ओठ आठ-दहा दिवसांत भरला. पण बंड्या डायनिंग टेबलाखालून हलेना. काचेपलीकडे खार नाचून जायची, हा फक्त डोळे फिरवायचा. अंगणात एक खड्डा नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "वा, शहाणा झाला की!" मीनाकाकूंनी तर त्याला बेसनाचा लाडू देऊ केला बक्षीस म्हणून. आणि मी, जिला सहा महिने तो शांत व्हायला हवा होता, मी घरात वाघासारखी येरझारा घालत होते. पाहुणे गेले की त्याच्यासमोर पालथी पडून म्हणायचे, "अरे भुंक ना रे एकदा." तो माझा हात चाटायचा. त्याच्या मनात माझ्याबद्दल काही राग नव्हता, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं. कुत्र्याचा स्वभाव मोडून ठेवला होता मी. कायमचा मोडला की काय, हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

हॅरल्डला मी माफीचा लांबलचक मेसेज पाठवला होता. उत्तर आलं एप्रिलात: "मेमध्ये ये. फावडं आण." मी गेले. बंड्याला सोबत नेलं, पण आधी तो ट्रकमध्येच बसून राहायचा. जूनमध्ये खाली उतरला. जुलैत हॅरल्डनं एक सांगितलं: जाणार नसला तरी दर वेळी त्याच्या गळ्यात रेडिओचा पट्टा बांध, कारण तो ठरवेल तेव्हा आपल्याला विचारणार नाही. मग दर शनिवारी मी पट्टा बांधायचे, आणि तो बिळापासून वीस पावलांवर, माझ्या जॅकेटवर बसायचा. मी दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी खणायचे. ऊन, डास, घाम, आणि मागे तो बसलेला. वळून बघायचं नाही असं ठरवायचे आणि बघायचे. "काही कुत्रे परत जात नाहीत," हॅरल्ड म्हणाला. "तेही चालतं." चालतं हे मलाही पटलं होतं. म्हणजे पटवून घेतलं होतं, तोंडानं. आतून मात्र तीच घाई. फक्त आता ती घाई मी दाढेखाली धरून ठेवायला शिकले होते.

परवाचा शनिवार. सोयाबीन अर्धं पिवळं. हॅरल्डची म्हातारी कुत्री आता ट्रकमध्येच झोपते, दुसरी लंगडत होती, म्हणून कुत्रं सोडायचंच नव्हतं. कुंपणालगतचं एक जुनं बीळ नुसतं बघून यायचं होतं. मी पट्टा बांधला, सवयीनं. मी आणि हॅरल्ड कुंपणाच्या खांबाबद्दल काहीतरी बोलत होतो, आणि बंड्या माझ्या पायाजवळून पुढे गेला. बिळाच्या तोंडाशी थांबला. नाक आत घातलं. त्याची पाठ थरथरायला लागली. हॅरल्डनं माझ्या दंडावर हात ठेवला. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. जाही नाही, नकोही नाही. माझे कान गरम झाले होते.

बंड्या आत गेला.

टकटक. भुंकणं. आवाज आता भरदार झालाय, वर्षभरात कधी झाला कळलंच नाही. मी गवतावर पालथी पडले आणि देवाचं नाव घेतलं, जे मी ब्रेक फेल होतात तेव्हाही घेत नाही. भुंकणं थांबलं. मी मोजायला लागले. साठच्या पुढे मोजता येईना. मग माती हलली आणि तो मागे मागे सरकत बाहेर आला. डोळ्यांत, मिशांत, कानांत माती. रक्त कुठेच नाही. मी गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हात पसरले. खूप झालं होतं मला. तो गेला, परत आला, आणखी काही नको होतं. "ये रे माझ्या राजा," मी म्हटलं, "बास, घरी जाऊ."

त्यानं माझ्याकडे बघितलं, चांगलं नीट बघितलं. अंग झाडलं, माती माझ्या तोंडावर उडाली. मग तो वळला आणि आत शिरला. शेपटीचं टोक क्षणभर दिसलं, मग तेही दिसेना. माझे हात तसेच पसरलेले राहिले.